कबुलीचा भाव कोण ठरवतो?

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दोषी ठरणाऱ्या शंभर आरोपींपैकी सुमारे सत्त्याण्णव जण खटला न चालताच गुन्हा कबूल करतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालच्या एका निकालात हाच आकडा नमूद केला आहे. या कबुलीमागे बहुतेक वेळा सरकारी वकील आणि आरोपी यांच्यातला करार असतो. सरकारी वकील काही आरोप मागे घेतो किंवा सौम्य करतो. त्या बदल्यात आरोपी उरलेले आरोप कबूल करतो आणि आर्थिक घोटाळ्यांत अनेकदा आपल्याच वरिष्ठांविरुद्ध साक्ष देतो. याला प्ली बार्गेनिंग म्हणतात.

भारतात एखादा मोठा घोटाळा उघडकीला आला, ठेवीदार बँकेच्या दारात उभे राहिले, की या पद्धतीची हटकून आठवण निघते. अमेरिकेत घोटाळेबाज काही महिन्यांत तुरुंगात जातो, आपल्याकडे तारखा पडत राहतात. म्हणून आपल्याही सरकारी वकिलांना भरपूर आरोप लावण्याचा आणि नंतर सौदा करण्याचा अधिकार द्या, असा हा युक्तिवाद आहे. त्यात आणखी काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: सौद्यामुळे तपास सूत्रधारापर्यंत पोचतो, लोकांचे पैसे परत मिळतात आणि निर्दोष माणूस काही झाले तरी गुन्हा कबूल करत नाही. ठेवीदारांचा संताप रास्त आहे. पण ज्या अमेरिकी खटल्यांच्या जोरावर हे सांगितले जाते, त्यांची कागदपत्रे यांतल्या एकाही दाव्याला पूर्ण आधार देत नाहीत आणि काही दावे साफ खोडून काढतात.

वेगाचे उदाहरण म्हणून सर्रास बर्नार्ड मेडॉफचे नाव घेतले जाते. ११ डिसेंबर २००८ रोजी अटक, १२ मार्च २००९ रोजी कबुली, २९ जूनला १५० वर्षांची शिक्षा. साडेसहा महिन्यांत सगळे आटोपले हे खरे, पण मेडॉफने कोणताही सौदा केलेला नव्हता. त्याने अकराच्या अकरा आरोप कराराविना कबूल केले. सरकारने त्याला काही दिले नाही आणि त्यानेही कोणाचे नाव घेतले नाही. जे केले ते एकट्याने केले, असा त्याचा पवित्रा होता. त्याच्या कार्यालयातल्या इतरांपर्यंत पोचण्यासाठी सरकारने फ्रँक डिपास्काली या त्याच्या विश्वासू सहकाऱ्याशी करार केला, आणि पाच कर्मचाऱ्यांना ज्यूरीने दोषी ठरवेपर्यंत मार्च २०१४ उजाडला. म्हणजे जिथे सौदा नव्हता तिथे साडेसहा महिने लागले, आणि जिथे होता तिथे पाच वर्षे.

पैसे परत मिळण्याची गोष्टही अशीच आहे. मेडॉफच्या गुंतवणूकदारांना मिळालेली सर्वांत मोठी एकरकमी वसुली म्हणजे डिसेंबर २०१० मध्ये जेफ्री पिकावर या बड्या गुंतवणूकदाराच्या वारसांनी परत केलेले ७.२ अब्ज डॉलर. पिकावरवर कधी फौजदारी आरोप ठेवला गेला नव्हता आणि तोपर्यंत तो वारलाही होता. ही रक्कम दिवाळखोरी प्रक्रियेत नेमलेल्या विश्वस्ताचा दिवाणी दावा आणि सरकारची जप्तीची कारवाई यांतून आली. कोणाच्या कबुलीशी तिचा संबंध नव्हता.

आता सौदा घडतो कसा ते पाहावे लागेल, कारण त्याचे सगळे बळ आरोपपत्राच्या रचनेत आहे. अमेरिकी आर्थिक खटल्यांत सर्वांत जास्त वापरले जाणारे कलम 'वायर फ्रॉड'चे. फसवणुकीच्या योजनेसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फोन, ईमेल किंवा बँकेचा इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला की हा गुन्हा लागू होतो, आणि असा प्रत्येक संदेश हा स्वतंत्र आरोप धरता येतो. एका योजनेसाठी चाळीस ईमेल गेले असतील, तर कायद्याने चाळीस आरोप ठेवता येतात. २००२ पर्यंत या कलमाखाली जास्तीत जास्त पाच वर्षे शिक्षा होती. एन्रॉन आणि वर्ल्डकॉमच्या पडझडीनंतर आलेल्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने ती वीस वर्षे केली. कटाच्या सर्वसाधारण कलमाखाली मात्र कमाल शिक्षा पाचच वर्षे राहिली. वीस वर्षांच्या डझनभर आरोपांतून पाच वर्षांच्या एका आरोपापर्यंतचा हा उतार सरकारी वकिलाच्या हाती असतो. आरोप कोणता ठेवायचा, किती ठेवायचे आणि कोणता काढायचा, यात न्यायाधीशाला जवळजवळ काहीच बोलता येत नाही.

त्यावर शिक्षेच्या मार्गदर्शक तक्त्याची भर पडते. फसवणुकीच्या मोठ्या गुन्ह्याला मुळात ७ गुण. नुकसान ५५ कोटी डॉलरहून अधिक असेल तर आणखी ३०. पंचवीस किंवा त्याहून जास्त लोक आर्थिकदृष्ट्या उद्ध्वस्त झाले असतील तर आणखी ६. बेरीज ४३ होते, आणि तक्त्यात ४३ च्या पुढे लिहिलेले असते 'जन्मठेप'. आरोपीची योजनेतली जागा, त्याने स्वतः किती कमावले, तो पुढारी होता की हिशेबनीस, याकडे बघण्याआधीच आकडा शेवटच्या पायरीला टेकतो. कबुली दिली तर दोन-तीन गुण कमी होतात. खरी सूट मिळते ती तपासाला भरीव मदत केल्याबद्दल, आणि त्या कलमाखालचा अर्ज फक्त सरकारी वकीलच करू शकतो. त्याने तो केला नाही तर घटनाबाह्य हेतू दाखवल्याखेरीज न्यायालय त्याला भाग पाडू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये वेड खटल्यात ठरवले. २००५ पासून हा तक्ता न्यायाधीशावर बंधनकारक नाही. तरीही सौद्याच्या टेबलावर पहिला आकडा त्यातूनच येतो.

या यंत्रणेचा सर्वांत गाजलेला वापर एन्रॉन प्रकरणात झाला. महाराष्ट्राला हे नाव गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पामुळे, महागड्या विजेच्या करारामुळे आणि २००१ मध्ये वीज मंडळाने थांबवलेल्या खरेदीमुळे माहीत झाले. ह्यूस्टनच्या फौजदारी खटल्यांचा रोख मात्र दाभोळवर नव्हता. कंपनीचा वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टाव याने स्वतःच्या ताब्यातल्या भागीदारी संस्था उभ्या करून एन्रॉनचे कर्ज आणि तोटा ताळेबंदाबाहेर नेला आणि त्यात स्वतःही कोट्यवधी डॉलर कमावले, हा त्या खटल्यांचा गाभा होता. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. एन्रॉनच्या अधिकाऱ्यांतली पहिली कबुली ऑगस्ट २००२ मध्ये फास्टावचा हाताखालचा माणूस मायकेल कॉपर याने दिली. ऑक्टोबरमध्ये फास्टाववर ७८ आरोप ठेवले गेले, पुढच्या वर्षी ते ९८ झाले. जानेवारी २००४ मध्ये त्याने कटाचे फक्त दोन आरोप कबूल केले. प्रत्येकी पाच म्हणजे दहा वर्षे, सुमारे २.४ कोटी डॉलरची जप्ती, आणि वरिष्ठांविरुद्ध साक्ष. मे २००६ मध्ये माजी मुख्य कार्यकारी अधिकारी जेफ्री स्किलिंग आणि संस्थापक केनेथ ले हे दोघे दोषी ठरले.

शिडीच्या एकेका पायरीने वर चढावे तसा हा प्रवास झाला, हे सौद्याच्या समर्थकांचे सर्वांत बळकट उदाहरण आहे. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. भागीदारी संस्थांची माहिती कंपनीच्याच चौकशी समितीच्या, पॉवर्स समितीच्या अहवालात फेब्रुवारी २००२ मध्येच, म्हणजे कॉपरच्या कबुलीच्या सहा महिने आधी, बाहेर आली होती. व्यवहार कागदावर होते. कागदावर नव्हता तो हेतू: वरच्या मजल्यावर कोणाला काय माहीत होते आणि कोणी काय शब्द दिला होता. ते सांगायला आतला माणूस लागतो. आर्थिक गुन्ह्यात सही, नोंद आणि ठराव सगळे वैध दिसत असताना फसवणुकीचा हेतू सिद्ध करणे हेच मुख्य काम असते, आणि तिथे सहआरोपीच्या साक्षीला पर्याय सापडणे कठीण. एवढे मान्य केल्यावरही हा आतला माणूस कोणत्या दबावाखाली मिळवला, हा प्रश्न उरतोच.

फास्टावला वळवण्याचा एक मार्ग त्याच्या घरातून गेला. त्याची पत्नी ली फास्टाव हीसुद्धा एकेकाळी एन्रॉनमध्ये अधिकारी होती. मे २००३ मध्ये तिच्यावर सहा आरोप ठेवले गेले. जानेवारी २००४ मध्ये नवरा-बायकोचे करार एकत्रच झाले. दोन लहान मुलांचे आई-बाप एकाच वेळी तुरुंगात असू नयेत, अशी शिक्षांची आखणी होती. तिला पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरकैद मिळायची होती. एप्रिलमध्ये न्यायाधीश डेव्हिड हिटनर यांनी ही आधीच ठरवलेली शिक्षा स्वीकारायला नकार दिला. न्यायालय आपला अधिकार वापरत होते. यावर सरकार पक्षाने आरोपच बदलला. करविषयक गंभीर गुन्ह्याऐवजी एक किरकोळ गुन्हा ठेवला, ज्याची कमाल शिक्षा एक वर्ष होती. न्यायाधीशांनी त्या मर्यादेतले पूर्ण बारा महिने दिले. तिने केलेले कृत्य जानेवारीत होते तेच मे महिन्यात होते. त्याचे कायद्यातले नाव मात्र बदलले, आणि न्यायाधीशाच्या अधिकाराची कमाल मर्यादा सरकारी वकिलाने आखून दिली. 'शेवटी शिक्षा न्यायाधीशच देतो' असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण बारकाईने वाचावे.

निर्दोष माणूस गुन्हा कबूल करत नाही, हा दावा याच एन्रॉन प्रकरणाच्या दुसऱ्या टोकाला कोसळतो. एन्रॉनचे लेखापरीक्षण पाहणाऱ्या आर्थर अँडरसन या संस्थेतला मुख्य भागीदार डेव्हिड डंकन याने एप्रिल २००२ मध्ये चौकशीत अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला आणि मे महिन्यात स्वतःच्या संस्थेविरुद्ध साक्ष दिली. कागद नष्ट करताना आपल्या मनात गैर हेतू होता, असे त्याने न्यायालयात सांगितले. १५ जूनला संस्था दोषी ठरली आणि अमेरिकेतल्या सुमारे २८ हजार कर्मचाऱ्यांची ही संस्था संपली. ३१ मे २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने रद्द केला. आपण चूक करत आहोत ही जाणीव असल्याशिवाय हा गुन्हा होत नाही, आणि ज्यूरीला नेमके तेच सांगितले गेले नव्हते. त्याच वर्षअखेर डंकनला आपली कबुली मागे घेण्याची परवानगी मिळाली. कायद्याचा ज्या अर्थाने वापर केला गेला तोच चुकीचा होता, आणि त्या चुकीच्या अर्थाखाली एक सुशिक्षित, उत्तम वकील पाठीशी असलेला माणूस शपथेवर गुन्हेगार झाला होता. खटला लढला गेला म्हणून ही चूक उघड झाली. अँडरसननेही कबुली दिली असती तर तो चुकीचा अर्थ पुढच्या प्रत्येक सौद्यात आधार म्हणून वापरला गेला असता.

एन्रॉनच्या नायजेरियाजवळच्या वीजनिर्मिती बार्जेसच्या व्यवहारातही असेच झाले. त्यातल्या मेरिल लिंच या बँकेच्या चार अधिकाऱ्यांना २००४ मध्ये दोषी ठरवून पुढे तुरुंगात पाठवले गेले. २००६ मध्ये अपील न्यायालयाने 'प्रामाणिक सेवेपासून वंचित केले' हा सरकारचा सिद्धान्त तिथे लागूच होत नाही, असे ठरवून बहुतेक दोषसिद्धी रद्द केल्या. २०१० मध्ये स्किलिंगच्याच अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम लाच आणि कमिशनपुरते आकुंचित केले. आर्थिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या सीमा अशा न्यायालयातच ठरतात. खून झाला की नाही याबद्दल सहसा वाद नसतो. ताळेबंदातली एखादी आक्रमक नोंद गुन्हा आहे की नाही, यावर मात्र जाणकार प्रामाणिकपणे भिन्न मत देतात. म्हणून याच क्षेत्रात खटले जवळजवळ नाहीसे होणे सर्वांत घातक आहे.

जो खटला लढतो त्याला काय मोजावे लागते, हे जेमी ओलिस याच्या वाट्याला आले. डायनेजी ही ह्यूस्टनचीच दुसरी ऊर्जा कंपनी. तिथल्या 'प्रोजेक्ट अल्फा' नावाच्या व्यवहारात ३० कोटी डॉलरचे कर्ज हे धंद्यातून आलेला पैसा म्हणून दाखवले गेले. तिघांवर आरोप आले: कर विभागातला ओलिस, त्याचा वरिष्ठ जीन फॉस्टर आणि हिशेब पाहणारी सहकारी हेलन शार्की. फॉस्टर आणि शार्कीने कटाचा एकेक आरोप कबूल केला. ओलिसने खटला मागितला, त्यात फॉस्टरने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, आणि मार्च २००४ मध्ये मधल्या फळीतल्या या अधिकाऱ्याला २९२ महिने, म्हणजे २४ वर्षे ४ महिने, शिक्षा झाली. आकडा नुकसानीच्या तक्त्यातून आला होता: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या निधीने डायनेजीच्या शेअरमध्ये गमावलेले १० कोटी डॉलरहून अधिक पैसे पूर्णच्या पूर्ण या एका व्यवहाराच्या माथी मारले गेले. शेअर इतर कारणांनीही पडला होता, हे अपील न्यायालयाने २००५ मध्ये लक्षात आणून दिले आणि पुढच्या वर्षी शिक्षा सहा वर्षांवर आली. त्याच्या वरिष्ठाला १५ महिने मिळाले, सहकारी स्त्रीला एक महिना.

कबुली देणाऱ्याला सवलत मिळते, लढणाऱ्याला शिक्षा वाढवून मिळत नाही, असे समर्थक म्हणतात. २९२ महिने ही मूळ किंमत आणि १५ महिने ही सवलत, असे मानायचे तर सवलत पंचाण्णव टक्क्यांची होते. इतकी सवलत देता येत असेल तर मूळ किंमतच खोटी लावलेली असते. अपिलात निम्म्याहून अधिक, तब्बल अठरा वर्षे, गळून पडली यावरूनही तेच दिसते.

या प्रथेला न्यायालयीन मान्यता एका फुटकळ फसवणुकीच्या खटल्यातून मिळाली. केंटकी राज्यात पॉल हेज याच्यावर ८८.३० डॉलरचा बनावट चेक वटवल्याचा आरोप होता. सरकारी वकिलाने पाच वर्षांचा प्रस्ताव ठेवला आणि तो न स्वीकारल्यास सराईत गुन्हेगाराच्या कायद्याखाली आरोप ठेवीन, असे सांगितले. हेजने नकार दिला. त्याला जन्मठेप झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी यात घटनाबाह्य काही नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर वाढीव आरोपाची धमकी हे वाटाघाटीचे कायदेशीर साधन झाले आणि आजही आहे.

अलीकडचे उदाहरण एफटीएक्सचे, आणि तेही सौद्याच्या बाजूने अनुकूल. क्रिप्टो चलनाचा हा बाजार नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडाला. १२ डिसेंबरला त्याचा संस्थापक सॅम बँकमन-फ्रिड याला बहामाजमध्ये अटक झाली. त्याच महिन्यात त्याचे सहकारी कॅरोलाइन एलिसन आणि गॅरी वांग यांनी कबुली दिली, फेब्रुवारीत निशाद सिंग याने. २ नोव्हेंबर २०२३ रोजी बँकमन-फ्रिड सातही आरोपांत दोषी ठरला आणि मार्च २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. इथे सौदे उपयोगी पडले, कारण साक्षीची पडताळणी करता येत होती. कर्ज देणाऱ्या कंपनीला दाखवण्यासाठी आपण ताळेबंदाच्या सात वेगवेगळ्या आवृत्त्या तयार केल्या, असे एलिसनने सांगितले, आणि त्या आवृत्त्या ज्यूरीसमोर होत्या. अलामेडा या भगिनी कंपनीच्या खात्याला शिल्लक उणे झाली तरी पैसे काढू देणारी सवलत संगणकाच्या कोडमध्ये घातली होती, असे वांगने सांगितले, आणि कोडमधली ती ओळ दाखवता आली. साक्षीदाराला सरकारकडून काय मिळणार आहे हे माहीत असतानाही ज्यूरी त्याच्यावर विश्वास ठेवू शकली, ती या कागदांमुळे.

शिक्षांकडे पाहिले की याच प्रकरणातली दुसरी बाजू दिसते. ग्राहकांचे पैसे वळवणारी अलामेडा चालवणाऱ्या एलिसनला दोन वर्षे. वांग आणि सिंग यांना तुरुंगवास नाही. आणखी एक सहकारी रायन सलामे याने निवडणूक देणग्या आणि विनापरवाना पैशाचे व्यवहार एवढेच कबूल केले होते, पण सरकारसाठी साक्षीदार व्हायचे मान्य केले नव्हते. त्याला साडेसात वर्षे, सरकारने मागितलेल्या पाच ते सात वर्षांहूनही जास्त. या मोजपट्टीवर साक्षीचा उपयोग मोजला जातो, केलेले नुकसान नव्हे. त्यातून एक अन्याय अटळ होतो: सूत्रधाराच्या शेजारी बसणाऱ्याकडे विकायला भरपूर माहिती असते, तीन मजले खाली व्हाउचर लिहिणाऱ्याकडे काहीच नसते. जो जितका गुन्ह्याच्या केंद्राजवळ, तितका त्याचा सौदा चांगला.

कंपन्यांच्या बाबतीत तर शिडी उलटीच लागते. खटला पुढे ढकलण्याच्या करारात कंपनी दंड भरते, तपासाला सहकार्य करते आणि ठरावीक मुदत नीट पार पडली की आरोप मागे घेतले जातात. केपीएमजी या लेखापरीक्षण संस्थेने ऑगस्ट २००५ मध्ये करबुडव्या योजनांबद्दल ४५.६ कोटी डॉलर भरून असा करार केला आणि तिचे माजी भागीदार आरोपी झाले. सरकारच्या दबावामुळे संस्थेने त्यांच्या वकिलांची फी देणे बंद केले होते. बचावाचा हक्कच हिरावला गेला म्हणून न्यायाधीश लुईस काप्लन यांनी २००७ मध्ये तेरा जणांवरचे आरोप रद्द केले आणि अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. (बँकमन-फ्रिडला शिक्षा देणारे न्यायाधीशही हेच, त्यांना घोटाळेबाजांचा पुळका होता असे कोणी म्हणू शकणार नाही.) डिसेंबर २०१२ मध्ये एचएसबीसीने मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांचा पैसा आपल्या खात्यांतून जाऊ दिल्याबद्दल १.९ अब्ज डॉलर भरले. त्या करारासोबत एकाही अधिकाऱ्यावर आरोप ठेवला गेला नाही. दंड भागधारकांच्या पैशातून गेला. सौद्यामुळे तपास सूत्रधारापर्यंत पोचतो म्हणणाऱ्यांना इथे एकही पायरी दाखवता येणार नाही.

भारतात ही चर्चा नवी नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या मुरलीधर मेघराज लोया या तेलभेसळीच्या खटल्यात १९७६ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कबुलीच्या बदल्यात सौम्य शिक्षेच्या सौद्यावर कडक टीका केली. १९८० मध्ये गुजरातमधल्या भेसळीच्याच खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी लांबलेल्या खटल्याच्या जाचाला कंटाळून निर्दोष माणूसही कबुली देईल, असा इशारा दिला. तरीही २००६ पासून प्ली बार्गेनिंग मर्यादित रूपात कायद्यात आले, आणि आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. मर्यादा महत्त्वाच्या आहेत. सात वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे वगळले आहेत. देशाच्या आर्थिक-सामाजिक स्थितीवर परिणाम करणारे म्हणून केंद्राने अधिसूचित केलेले गुन्हेही वगळले आहेत. अर्ज आरोपीने करायचा, न्यायालयाने त्याला बंद दालनात एकट्याला विचारून तो स्वेच्छेने केला आहे का ते पाहायचे. सवलतीचे प्रमाण कायद्यातच लिहिलेले आहे: किमान शिक्षा ठरलेली असेल तर तिच्या निम्मी, नसेल तर शिक्षेच्या एक चतुर्थांश, पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याला त्याहून कमी. आरोप बदलून शिक्षेची मर्यादा हलवण्याचा अधिकार सरकारी वकिलाला या प्रकरणाने दिलेला नाही. नव्या मागणीचे लक्ष्य नेमक्या याच तरतुदी आहेत.

त्या काढल्या तर भारतीय आर्थिक खटले वेगाने निघतील, याला सत्यम प्रकरणाचे उत्तर आहे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचा अध्यक्ष रामलिंग राजू याने स्वतःच पत्र लिहून ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही, असे जाहीर केले. इतकी स्पष्ट कबुली जगातल्या थोड्याच घोटाळ्यांत मिळाली असेल. तरीही दोषसिद्धी झाली ९ एप्रिल २०१५ रोजी, आणि महिनाभरात शिक्षेला स्थगिती मिळाली. इथे कबुलीचा तुटवडा नव्हता. न्यायालयाचा वेळ, हिशेबतज्ज्ञ तपासनीस आणि रोजच्या रोज चालणारी सुनावणी यांचा होता, आणि सौद्याचा कायदा यांतले काहीही निर्माण करत नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. अमेरिकेत फास्टाव आणि स्किलिंग दोघेही खटल्यापूर्वी जामिनावर बाहेर होते. त्यांच्यावरचा दबाव पुढे होणाऱ्या शिक्षेचा होता. भारतात मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४५ मुळे आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास सबळ कारण आहे, असे न्यायालयाला वाटल्याशिवाय जामीन मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ही अट वैध ठरवली. खटला सुरू होण्याआधीच आरोपी महिनोन्‌महिने कोठडीत राहू शकतो. अशा माणसासमोर आरोप बदलण्याचा अधिकार असलेला सरकारी वकील सौदा घेऊन आला, तर कबुली खरी आहे की सुटकेची घाई आहे हे कोणताही न्यायाधीश बंद दालनातल्या एका भेटीत ओळखू शकणार नाही. अमेरिकेतला शिक्षेचा दबाव आणि भारतातला कोठडीचा दबाव एकत्र आणणारी ही मागणी आहे.

सूत्रधाराविरुद्ध आतला साक्षीदार मिळवण्याची सोय भारतीय कायद्यात आधीपासून आहे. माफीचा साक्षीदार हा आपल्या न्यायालयांचा जुना परिचयाचा मार्ग आहे. आता संहितेच्या कलम ३४३ मध्ये असलेल्या या तरतुदीनुसार माफी न्यायदंडाधिकारी किंवा न्यायालय देते, कारणे लेखी नोंदवते, आणि माफी मिळते ती पूर्ण व खरी हकीकत सांगण्याच्या अटीवर. खोटे बोलल्यास त्याच्यावर मूळ गुन्ह्यासाठी खटला चालतो, आणि त्याच्या साक्षीला स्वतंत्र पुरावा हवा, असा न्यायालयांचा कायमचा आग्रह आहे. एफटीएक्सच्या खटल्यात जे खरोखर उपयोगी पडले, म्हणजे कागदाने पडताळलेली सहआरोपीची साक्ष, ते या तरतुदीत बसते. ली फास्टाव आणि ओलिसच्या प्रकरणांत जे झाले त्याला इथे जागा नाही. तिच्यात एक दोष मात्र आहे. माफी मिळालेला साक्षीदार आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवावे लागते, आणि जिथे खटला सहा-सहा वर्षे चालतो तिथे कोणताही शहाणा हिशेबनीस या अटीवर पुढे येणार नाही. कायद्यात बदल करायचा असेल तर तो या कलमात करावा: साक्ष नोंदवून उलटतपासणी झाली की माफीच्या साक्षीदाराला जामीन देण्याचा अधिकार विशेष न्यायालयाला असावा, आणि आर्थिक गुन्ह्यांत ती साक्ष आरोप निश्चित झाल्यापासून ठरावीक मुदतीत नोंदवणे बंधनकारक असावे.